न टाकलेल्या स्लॅबचा रिपोर्ट

"मॅडम, जपून! वर काही नाहीये!" लोमटे खालून ओरडला.

मी शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभी होते आणि तो म्हणत होता ते अगदी खरं होतं. वर काही नव्हतं. सेंट्रिंगचं प्लायवूड होतं, त्यावर सळयांची जाळी होती, जाळीत कुणाचीतरी एक चप्पल अडकली होती आणि त्यावर परभणीचं एप्रिलमधलं आभाळ होतं. स्लॅब नव्हता.

त्याचा रिपोर्ट मात्र माझ्या हातात होता. आणि रिपोर्ट फार छान होता.

ही गोष्ट शहाण्णव सालची. मी सव्वीस वर्षांची होते आणि औरंगाबादला मोहरीर साहेबांच्या ऑफिसात ज्युनिअर आर्किटेक्ट होते. म्हणजे नकाशे साहेब काढायचे, फोटोत साहेब यायचे आणि उन्हात मी जायचे. परभणीत एका शिक्षणसंस्थेचं मुलींचं वसतिगृह बांधायचं काम आमच्याकडे होतं. तीन मजले, तीन स्लॅब. पहिला म्हणजे तळमजल्याचं छत, दुसरा त्याच्या वरचं आणि तिसरा गच्चीचा. ठेकेदार बालाजीराव कच्छवे, लोमटे त्यांचा इंजिनिअर. आणि सगळं करारात लिहिल्याप्रमाणे होतंय की नाही हे पाहायला, म्हणजे दर गुरुवारी एसटीने येऊन चार सूचना वहीत लिहून परत जायला, मी.

आता क्यूब म्हणजे काय ते सांगते, नाहीतर माझ्या मूर्खपणाची खरी किंमत तुम्हाला कळायची नाही. स्लॅब टाकताना त्याच मालातून सहा इंची ठोकळे भरून ठेवतात. ते क्यूब. सात दिवसांनी काही आणि अठ्ठावीस दिवसांनी काही, असे लॅबमध्ये यंत्राखाली दाबून फोडतात. कितीवर फुटला तो आकडा म्हणजे स्लॅबची ताकद. आमच्या कामाला अठ्ठावीस दिवसांनी वीस हवं होतं. सात दिवसांना तेरा-चौदा आलं तरी पुष्कळ. माझ्या हातातल्या कागदावर लिहिलं होतं: गच्चीचा स्लॅब, टाकल्याची तारीख बारा एप्रिल, सात दिवसांची ताकद सव्वीस.

मी खाली उतरले.

"लोमटे, गच्चीचा स्लॅब कुठाय?"

"वाळू नाही ना मॅडम. ट्रकवाल्यांचा संप चालूये. बारा तारखेला टाकायचा होता, सगळी तयारी होती, पण वाळूच..."

"अहो, पण लॅबने तर फोडूनही पाहिला."

त्याने कागद घेतला. ओठ हलवत वाचला. "सव्वीस," असं सवयीने थोडं अभिमानानेच म्हणाला, आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"ड्रायव्हर!" तो म्हणाला. "भिंतीवर बार चार्ट लावलाय ना मॅडम, त्यात एकोणीस तारखेला 'क्यूब लॅबला' असं आहे. तो बरोबर एकोणीसला टाकून आला. त्याला कुणी सांगितलंच नाही."

"काय सांगितलं नाही?"

"की स्लॅब झाला नाही म्हणून."

त्या साइटवर वेळापत्रकाप्रमाणे झालेलं हे एकमेव काम. पायाखालची वाळू सरकणं वगैरे म्हणतात, पण तेवढ्यापुरतीही वाळू तिथे नव्हती.

लोमटे तसा सरळ माणूस. पकडला गेल्यावर त्याने काही लपवलं नाही. सिमेंटच्या गोदामामागे नेऊन त्याने मला ताडपत्री उचलून दाखवली. खाली ओळीने पंचवीस-तीस क्यूब. वर्षाच्या लोणच्याच्या बरण्या पाहुण्यांना दाखवाव्यात तसा तो बाजूला उभा राहिला.

"पायाच्या वेळी एकदाच भरून ठेवले मॅडम. सिमेंट जरा सढळ हाताने घालून. लागतील तसे ऑइल पेंटने तारीख टाकून पाठवतो. सगळेच करतात."

म्हणूनच बालाजीरावांचं काँक्रीट सात दिवसांत अठ्ठावीस दिवसांचं काम उरकत होतं! आणि मी काय केलं होतं? पहिल्या स्लॅबचा रिपोर्ट आला तेव्हा वहीत लिहिलं होतं, 'काँक्रीटचा दर्जा समाधानकारक, अभिनंदन.' सहीसकट.

"म्हणजे खालच्या दोन्ही स्लॅबचे रिपोर्ट..."

"यातलेच."

"मग त्या स्लॅबची खरी ताकद किती?"

"चांगलीच असणार की मॅडम," लोमटे म्हणाला. "उभे आहेत ना."

पहिल्या स्लॅबची मला काळजी नव्हती. ऑक्टोबरात तो टाकला तेव्हा मी दिवसभर छत्री घेऊन उभी होते. माझ्या डोळ्यांदेखत झालेलं काम. काळजी होती ती दुसऱ्याची. जानेवारीत तो टाकला तेव्हा मी तिथे नव्हतेच, आणि हे त्या साइटवर फक्त कच्छव्यांच्या माणसांना माहीत होतं. कागदावर मी होते.

लोमटेला ते बोलावं लागलंच. "मॅडम, रागावू नका, पण कार्डं आहेत. दुसऱ्या स्लॅबचं आणि या गच्चीचं. दोन्हीवर तुमची सही."

कार्ड म्हणजे स्लॅबच्या तपासणीचा दाखला. आर्किटेक्टच्या माणसाने सळई तपासायची, सेंट्रिंग तपासायचं, काम चालू असताना हजर राहायचं आणि मग सही करायची. आमच्या ऑफिसात थोडी सुटसुटीत पद्धत होती. अकरा साइट, आम्ही दोघी ज्युनिअर आणि एसटी. म्हणून पुढच्या कामांची कार्डं आधीच सह्या करून ठेकेदाराकडे देऊन ठेवायची. 'सळई तपासली. सेंट्रिंग तपासलं. पूर्ण वेळ हजर होते.' साहेब म्हणायचे, करार विश्वासावर चालतो. बारा एप्रिलला मी कागदोपत्री परभणीत गच्चीवर पूर्ण वेळ हजर होते आणि प्रत्यक्षात नागपुरात बहिणीच्या लग्नात तिच्या सासूबाईंचे रुसवे काढत होते. लोमटेच्या क्यूबला आणि माझ्या सहीला मग फरक काय उरला? दोन्ही आधी तयार करून ठेवलेली.

फाटकातून बाहेर पडताना जोंधळे बाई भेटल्या. वसतिगृहाच्या रेक्टर. त्यांच्या बासष्ट मुली कापसाच्या जिनिंगच्या एका जुन्या गोदामात राहत होत्या. वर पत्रे, पत्र्यांना भोकं. मागच्या पावसाळ्यात मुलींनी कितीतरी रात्री ट्रंकांवर बसून काढल्या होत्या. बाई रोज संध्याकाळी शाळेतून परतताना इमारत किती वर आली ते बघून जायच्या.

"काय बाई, पंधरा जून पक्का ना?"

"बघू," मी म्हटलं.

"बघू नका म्हणू हो. सगळे बघूच म्हणतात."

या मुली त्या स्लॅबखाली झोपणार होत्या. आणि तो स्लॅब कशाचा होता हे जगात कुणालाही ठाऊक नव्हतं. मला जीव नकोसा झाला.

दुसऱ्या दिवशी मोहरीर साहेबांनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि चक्क हसले.

"वा! आपल्याही पुढे गेले." मग उठून केबिनचं दार लावलं. "सरोज, बस. हा रिपोर्ट टपालात गहाळ झाला. वाळू आली की गच्चीचा स्लॅब टाकून घे, या वेळी स्वतः उभी राहा, क्यूबही स्वतः भर. विषय संपला."

"आणि खालचे दोन, सर?"

"उभे आहेत ना?"

"आहेत."

"उभं असणं हा सगळ्यात चांगला रिपोर्ट."

"सर, ते रिकामे उभे आहेत. अजून बासष्ट मुली यायच्यात, बासष्ट लोखंडी कॉट, ट्रंका, वर पाण्याची टाकी."

"करार वाचलायस ना? आपण देखरेख करतो, हमी देत नाही. देखरेख म्हणजे पाहणं. तू पाहिलंस?"

"दुसरा नाही पाहिला सर. मी नव्हतेच. कार्डावर आधीच सही दिली होती."

मी भर केबिनमध्ये काहीतरी अचकट बोलले असावे अशा चेहऱ्याने साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "हे मी ऐकलं नाही."

"सर, पद्धत तुमचीच आहे."

"पद्धत ऑफिसची आहे," साहेब अगदी प्रेमाने म्हणाले. "सही तुझी आहे."

मी आज कॉलेजात हाच विषय शिकवते, व्यावसायिक आचार. सत्तावीस वर्षांत त्याहून नेमकी व्याख्या मला करता आलेली नाही.

पुढच्या गुरुवारी मी साइटवर गेले तेव्हा बालाजीराव कच्छवे स्वतः आले होते. पांढरे शुभ्र कपडे, जीप, माझ्यासाठी उसाचा रस. वाळूही आली होती. मी रस बाजूला ठेवला आणि सूचनावही उघडली. या वहीच्या पानांना नंबर असतात आणि कार्बन घालून एका वेळी तीन प्रती निघतात. पांढरी ठेकेदाराला, गुलाबी संस्थेला, पिवळी वहीत. वहीत लिहिलं ते झालं आणि वहीत नाही ते झालंच नाही, असं करारात स्वच्छ म्हटलेलं. तोंडी सूचनेला तिथे कवडीची किंमत नाही.

"काय लिहायलाव ताई?" कच्छव्यांनी मान लांब करून विचारलं.

"दोन्ही स्लॅबचे कोअर काढायचे. तोवर काम बंद."

कोअर म्हणजे यंत्राने स्लॅबलाच गोल भोक पाडून आतला तुकडा काढायचा आणि तो फोडून बघायचा. यात ताडपत्रीखालचा माल चालत नाही.

"काढा की," कच्छवे म्हणाले. "पण कलम वाचलंय ना? कोअर चांगले निघाले तर खर्च संस्थेच्या माथी आणि मला मुदतवाढ. मग जून विसरा. तुमच्या शंकेपायी पोरी पावसाळाभर गोदामात भिजतील."

"आणि वाईट निघाले तर?"

"तर माझ्या खर्चानं दुरुस्ती. मी कुठं नाही म्हणायलो?" त्यांनी खिशातून दोन कार्डं काढली आणि टेबलावर अलगद ठेवली. "पण मग हे बी बाहेर निघतंय. तुमच्या आर्किटेक्ट कौन्सिलवाल्यांना लई आवडंल वाचायला. म्हणून म्हणतो, शिकलेली पोरगी आहे, कशाला स्वतःचं वाटोळं करून घेतीस ताई? रस घे."

भीती वाटली. खोटं कशाला सांगू? माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर, आणि त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं की आमची सरोज इमारती बांधते. मी कार्डांकडे बघितलं, जोंधळे बाईंचं 'बघू नका म्हणू' आठवलं आणि पहिल्या सूचनेच्या खाली दुसरी लिहिली: दुसऱ्या स्लॅबच्या आणि गच्चीच्या स्लॅबच्या कार्डांवरील माझ्या सह्या खोट्या आहेत. त्या दोन्ही दिवशी मी साइटवर नव्हते.

पांढरी प्रत फाडून मी कच्छव्यांपुढे धरली. "ही तुमची. आता कार्डं खुशाल पाठवा कौन्सिलला. हवं तर फ्रेम करून लावा."

त्यांनी दोनदा वाचलं. "मॅडम, हे काय केलंत हो?" ताई तिथेच संपली.

त्या दिवशी परतीच्या एसटीत मी स्वतःवर इतकी खूष होते की उठून एका आजीबाईंना जागा दिली आणि औरंगाबादपर्यंत उभी आले. इतका पुण्यवान प्रवास मी पुन्हा केला नाही.

साहेब भडकले, पण संस्थेकडे गुलाबी प्रत पोचली होती. आता मला लगेच काढलं तर ऑफिसच उघडं पडलं असतं. कोअर निघाले. मे महिन्याच्या मध्यावर लॅबचं पाकीट आलं आणि ते उघडायला खुद्द मोहरीर साहेब परभणीला आले, सहा महिन्यांत पहिल्यांदा. काळा चष्मा, डोक्यावर टोपी. दुसऱ्या मजल्यावर मी, कच्छवे आणि लोमटे उभे. साहेबांनी पाकीट फोडलं.

"दुसरा स्लॅब. तेवीस, चोवीस, बावीस. पास."

माझा जीव भांड्यात पडला. मुलींच्या डोक्यावरचं छत शाबूत होतं. पण कच्छवे हसायला लागले तेवढ्यात साहेबांनी पुढची ओळ वाचली.

"पहिला स्लॅब. बारा, तेरा, अकरा. नापास."

"सर, उलटं वाचलंत तुम्ही," मी म्हटलं.

"मला वाचता येतं सरोज."

मी कागद हिसकावूनच घेतला. बरोबर होतं. मी नसताना झालेला पास, मी असताना झालेला नापास.

"पहिला?" कच्छवे खरोखर चक्रावले. "असं कसं? पहिल्याला तर मॅडम दिवसभर उभ्या होत्या!"

साहेबांचा चेहरा मात्र उजळला. निकाल त्यांच्या सोयीचा होता. काम वाईट निघालं म्हणजे चूक ठेकेदाराची. आर्किटेक्टच्या प्रतिनिधीने कोअर मागवून ती पकडली, तीसुद्धा स्वतःच्या सह्यांची पर्वा न करता. "कच्छवे, कलमाप्रमाणे दुरुस्ती तुमच्या खर्चाने. खाली नवे खांब, नव्या तुळया. सहा महिने तरी जातील," असं सांगून ते माझ्याकडे कौतुकाने बघायला लागले. आदल्या महिन्यात ज्याने हे ऐकलंही नव्हतं तोच माणूस.

मी जिना उतरून त्या नापास स्लॅबखाली गेले. तिथे सावलीला कोंडिबा मिस्त्री बसले होते. साठीचे, अंगठेबहाद्दर, आणि त्या साइटवरच्या प्रत्येक घमेल्याचा हिशेब ज्यांच्या डोक्यात होता असे एकटेच.

"मिस्त्री, या स्लॅबला सिमेंट कमी घातलं होतं का?"

"नाई बाई. दोन्हीला सारखंच. मालकानं ठोकळ्यात लबाडी केली, मालात नाई. मी करू बी दिली नसती."

"मग हा असा का निघाला?"

ते तंबाखू मळत राहिले. "ऱ्हाऊ द्या."

"सांगा ना."

"पाणी, बाई," ते खाली बघत म्हणाले.

आणि मला आठवलं. आठवलं तरी कसं म्हणू? मी ते विसरले नव्हतेच. उलट ती माझी कर्तबगारी आहे असं समजून मी सात महिने मिरवत होते. ऑक्टोबरची दुपार होती. मिक्सरमधून माल घट्ट येत होता, सळयांच्या मधे नीट जाईना. आत पोकळ्या राहतात असं मी कॉलेजच्या नोट्समध्ये वाचलेलं. शिवाय साडेपाचची एसटी होती आणि त्या गतीने सात वाजले असते. मी म्हटलं, पाणी वाढवा. कोंडिबा वरून उतरून माझ्यापाशी आले. "बाई, पातळ होईल, ताकद जाईल." मी म्हटलं, वाढवा. थोड्या वेळाने पुन्हा आले, पुन्हा तेच म्हणाले. तेव्हा तीस माणसांसमोर, छत्री हातात घेऊन, मी त्यांना विचारलं होतं, "आर्किटेक्ट मी आहे की तुम्ही?"

त्यांनी फेट्याच्या टोकाने तोंड पुसलं आणि स्वतःच्या हाताने मिक्सरमध्ये बादली ओतली. मग माल कसा सुरेख वाहिला! साडेचारला काम आटोपलं. मला खिडकीची जागा मिळाली.

जानेवारीत बाई नव्हत्या, तर मिस्त्रींनी आपल्या मनासारखा माल केला आणि रात्री आठपर्यंत खपून दुसरा स्लॅब टाकला. तो पास झाला.

"मिस्त्री, हे कुणाला बोललात?"

"कुणाला बोलू? वहीत थोडंच लिवलंय?" त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. "मी नाई सांगणार. तुम्ही बी नका सांगू. ठोकळ्याची लबाडी मालकानं केलीच की. होऊ द्या त्याला थोडा खर्च."

केवढी सोय झाली होती बघा. कराराप्रमाणे ती तोंडी सूचना मी दिलेलीच नव्हती. कच्छवे लबाड होतेच, साहेब खूष होते, नोकरी शाबूत होती आणि साक्षीदार स्वतःच्या तोंडाने गप्प राहतो म्हणत होता. मी तिथे बसून राहिले आणि मला मनापासून वाटलं की आपण गप्प बसावं. मला स्वतःची तेव्हा जेवढी किळस आली तेवढी नंतर कधी आली नाही.

तेवढ्यात वरून कच्छव्यांचा आवाज आला. "त्या म्हाताऱ्यानंच केलंय हे! विकलं असंल सिमेंट बाहेर! लोमटे, उद्यापासून कोंडिबा साइटवर दिसला नाही पाहिजे, आणि गावात सगळ्या ठेकेदारांना सांगून टाक, चोर आहे म्हणून!"

कोंडिबांनी ते ऐकलं. ते उठून आपला ओळंबा आणि थापी पिशवीत भरायला लागले.

मी वर गेले, वही उघडली आणि लिहिलं: पहिल्या स्लॅबच्या दिवशी मालात पाणी वाढवण्याची तोंडी सूचना मी दिली. कोंडिबा मिस्त्री यांनी दोन वेळा स्पष्ट विरोध केला. स्लॅब नापास होण्याचं कारण ही सूचना आहे, मिस्त्री नव्हेत.

साहेबांनी माझ्या खांद्यावरून वाचलं. "सरोज, फाड ते. सात महिन्यांनी लिहिलेल्या सूचनेला काही अर्थ नसतो."

"तारीख आजचीच घातलीय सर. या साइटवर बहुधा पहिल्यांदाच."

"ठेकेदार वाचला, तू मेलीस. कळतंय तुला?"

"हो सर."

त्यांनी टोपी घातली. "सोमवारपासून येऊ नकोस."

कच्छव्यांनी पांढरी प्रत वाचली आणि इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. माफीबिफी कुणी कुणाची मागितली नाही. "लोमटे," ते डोळे पुसत म्हणाले, "मिस्त्रीला सांग पिशवी ठेव म्हणावं. आणि चहा पाठव त्याला."

पुढे नवे खांब आले, तुळया आल्या. संस्थेनं, ऑफिसनं आणि कच्छव्यांनी वर्षभर भांडून खर्च वाटून घेतला. कौन्सिलने मला सहा महिने घरी बसवलं, ते योग्यच होतं. मोहरीर साहेबांना त्या इमारतीसाठी पारितोषिक मिळालं. तळमजल्यावरच्या खांबांच्या दाट रांगेने साधलेली लय परीक्षकांना विशेष भावली, असं मानपत्रात लिहिलं होतं.

पण ते नंतरचं. त्या दुपारी गुलाबी प्रत माझ्या हातात होती, आणि ती टपालाने पाठवायची माझी हिंमत झाली नाही. म्हणजे टपालाने पाठवण्याइतकी निर्लज्ज मी अजून झाले नव्हते. मी गोदामावर चालत गेले.

आत पत्रा नुसता तापला होता. परीक्षा संपल्या होत्या, तरी निम्म्या मुली सुट्टीला घरी गेल्या नव्हत्या, सामान हलवायला म्हणून थांबल्या होत्या. ट्रंका भरून, दोरीने बांधून भिंतीशी लावलेल्या. प्रत्येक ट्रंकेवर खडूने नाव आणि नावाखाली खोलीचा नंबर. दोघीजणी एका ट्रंकेवरून भांडत होत्या, कारण दोघींनाही खिडकीजवळची खोली हवी होती.

जोंधळे बाईंनी मला स्टूल दिलं आणि उभ्या उभ्याच कागद वाचला. सावकाश, बोट ठेवून, वहीतला निबंध तपासावा तसा.

"म्हणजे जून नाही," त्या म्हणाल्या.

"नाही. दिवाळीनंतर."

"वरचा, तुम्ही नव्हतात तो, चांगला आहे."

"हो."

"आणि हा खालचा, तुम्ही होतात तो..."

"हो."

त्यांनी कागदाची घडी घातली. मला वाटलं आता रागावतील, ओरडतील. ओरडल्या असत्या तर फार बरं झालं असतं. पण त्या गणित नीट समजून घ्यावं तशा मला विचारत होत्या.

"म्हणजे बाई, त्या दिवशी तुम्ही आलाच नसतात, तर आम्ही जूनमध्ये गेलो असतो."

"हो," मी म्हटलं.

बाईंनी मान हलवली आणि त्या मागे वळल्या.

"पोरींनो," त्या म्हणाल्या, "ट्रंका सोडा."